वांग यांगमिंग: माहीत असून केलं नाही, तर ते माहीत होतं असं म्हणायचं का?

उंबरठा

सध्या मी वांग यांगमिंग या मिंग काळातल्या चिनी विचारवंतात पार अडकलोय. इथे इतिहास आणि तत्त्वज्ञान मनापासून वाचणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून डोक्यातला प्रश्न इथेच मांडतोय.

नाव नवीन असलेल्यांसाठी आधी थोडी ओळख. जन्म १४७२, झेजियांग प्रांतातलं युयाओ. खरं नाव वांग शौरन. वडील वांग हुआ १४८१ च्या राजदरबारच्या परीक्षेत अख्ख्या साम्राज्यात पहिले आलेले, म्हणजे घरात अभ्यासाचं वातावरण काय असेल विचार करा. तरी हे पोरगं गुरुजींना विचारतं की आयुष्यात सगळ्यात मोठं काम कोणतं, गुरुजी म्हणतात परीक्षा पास होणं, आणि हा म्हणतो छे, सत्पुरुष होणं.

त्या काळात कन्फ्यूशियस म्हणजे झू शीने लावलेला कन्फ्यूशियस. झू शी ११३० ते १२०० मधला, त्याच्याच भाष्यांवर सरकारी परीक्षा चालायच्या. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तूत तत्त्व आहे, चिनीत त्याला 'ली' म्हणतात, एकेका गोष्टीचा कसून शोध घेत राहा, एक दिवस सगळं उलगडेल. वांगने हे शब्दशः घेतलं. वडिलांच्या घराच्या आवारात बांबू होते, हा आणि एक मित्र बांबूतलं तत्त्व शोधायला बसले. मित्र तिसऱ्या दिवशी आजारी पडला, हा सातव्या दिवशी. हाती काही नाही.

पुढे दोनदा परीक्षेत नापास, १४९९ ला पास, मग नोकरी. १५०६ मध्ये लिऊ जिन नावाच्या खोजाच्या हातात सगळा कारभार गेलेला, त्याच्याविरुद्ध बोलणारे अधिकारी तुरुंगात, आणि वांगने त्यांच्या बाजूने बादशहाला अर्ज लिहिला. शिक्षा झाली चाळीस फटके, त्यात शुद्ध हरपली, आणि वर रवानगी ग्वेजोऊच्या डोंगरात लोंगचांग नावाच्या ठिकाणी, डाकचौकीचा अधिकारी म्हणून. धड घर नाही, गुहेत राहायचं, हवा रोगट. त्याने स्वतःसाठी दगडी शवपेटी करून घेतली आणि तिच्यासमोर रात्रंदिवस बसायला लागला. तिथेच १५०८ मध्ये एका रात्री त्याला लख्ख दिसलं की सत्पुरुषाची वाट माझ्या स्वभावातच पुरी आहे, ती बाहेरच्या वस्तूंत शोधत होतो तेच चुकत होतं.

आता माझा प्रश्न. पुढच्याच वर्षी तो शिकवायला लागला की ज्ञान आणि कृती एकच आहेत. शू आय, त्याच्या बहिणीचा नवरा आणि पहिला शिष्य, त्याने सरळ विचारलं की लोकांना माहीत असतं आईवडिलांची सेवा करावी, तरी करत नाहीत, मग ज्ञान वेगळं आणि कृती वेगळी हे उघडच आहे ना? वांगचं उत्तर: जाणून न करणारा असा कुणी नसतोच, जाणूनही करत नसेल तर त्याने अजून जाणलेलंच नाही. दुखल्याशिवाय दुखणं कळत नाही, घाण वास आला की नाक आपोआप मुरडतं, आधी कळलं मग ठरवून मुरडलं असं होत नाही.

मला हे पूर्ण पटतं. तुम्हाला?

पाऊलखुणा

वा, काय माणूस आहे हा! मला याची एकच गोष्ट ठाऊक होती, लग्नाची. नानचांगला सासुरवाडीला लग्न, आणि लग्नाच्याच दिवशी नवरदेव फिरत फिरत एका ताओ मंदिरात गेला, तिथे एक साधू बसलेला, त्याच्याशी दीर्घायुष्याच्या साधनेवर बोलत बसला ते रात्रभर तिथेच. सासऱ्यांनी माणसं धाडली, सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या मांडवातली धावपळ डोळ्यासमोर आणा जरा!

सुगरण_नाही

वाचनखूण साठवली. सावकाश वाचणार.

तळटीप

धागा छान, पण झू शीवर अन्याय होतोय आणि तो नेहमीच होतो म्हणून जरा सविस्तर.

बांबूची गोष्ट ऐकली की सगळे झू शीला हसतात. झू शीने बांबूकडे टक लावून बसा असं कुठे सांगितलंय? त्याच्या परंपरेत शोध घेणं म्हणजे ग्रंथ वाचून त्यातलं तत्त्व समजून घेणं, जुन्या-नव्या माणसांचं काय बरोबर काय चूक याची चर्चा करणं, आणि रोजचे व्यवहार नीट हाताळणं. तरुण वांगने स्वतःच एक विचित्र प्रयोग केला, तो फसला, आणि खापर झू शीच्या डोक्यावर. शिवाय झू शी म्हणजे पुस्तकातला किडा अशी जी प्रतिमा झालीये तीही खोटी. दुष्काळात गावाला धान्य मिळावं म्हणून त्याने गावकोठारं उभी केली, पांढऱ्या हरणाच्या गुहेजवळचं मोडकळीला आलेलं विद्यापीठ पुन्हा चालू केलं. आणि ज्ञान-कृतीबद्दल त्याचं वाक्य अगदी स्पष्ट आहे: आधी काय असं विचाराल तर ज्ञान, वजन कशाला जास्त असं विचाराल तर कृतीला. यात गैर काय आहे मला खरंच कळत नाही.

वांगच्या हयातीतच लुओ छिनशुन नावाच्या विद्वानाने त्याला १५२० मध्ये पत्र लिहून हेच विचारलं होतं की सगळं आतच आहे म्हणता, मग बाहेरच्या जगाचा अभ्यास कशाला उरतो? वांगने लांबलचक उत्तर दिलं, की आत-बाहेर असं काही नसतंच. मला तरी ते उत्तर समाधानकारक वाटत नाही. नदीला पूर का येतो हे मन कितीही निर्मळ असलं तरी आतून कळणार नाही.

उंबरठा

@तळटीप, गावकोठारांचा मुद्दा मान्य, झू शी मोठाच माणूस होता. पण पुराचं उदाहरण इथे लागू होत नाही. वांगच्या शिष्यांनीही असंच विचारलेलं, की उन्हाळ्यात आईवडिलांना गारवा आणि थंडीत ऊब कशी द्यायची याचे बारकावे शिकायला नकोत का? तो म्हणतो शिका की, पण आधी मनात खरी माया हवी, ती असली की थंडीत ऊब कशी द्यायची ते माणूस स्वतःहून शोधायला लागतो. आधी मूळ, मग फांद्या. नुसते बारकावे पाठ करून सेवा होत असेल तर मग रंगमंचावरचा नटही मोठा मातृपितृभक्त म्हणावा लागेल, हे त्याचंच वाक्य. त्याला बाहेरची माहिती नकोय असं अजिबात नाही, ती कशासाठी मिळवायची हे त्याला आधी हवंय.

आहारवेल

मी नाशिकला आहारतज्ज्ञ आहे आणि मला हे वांगचं म्हणणं मुळीच पटलेलं नाही.

माझ्याकडे एक पेशंट येतात, कंपनीत रात्रपाळी करतात. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) म्हणजे काय, कशाने वाढतं, हे ते दुसऱ्या चार जणांना नीट समजावून सांगतील इतकं त्यांना माहीत आहे. पण रात्री दोनला कॅन्टीनमध्ये मिळतं काय तर बटाटेवडा आणि गोड चहा. घरून डबा करून द्यायला माणूस नाही, बायको पहाटे स्वतःच्या कामाला जाते. आता या गृहस्थांना मी सांगू का की काका तुम्हाला अजून कळलेलंच नाही? त्यांना कळलंय, फार चांगलं कळलंय, त्या कळण्यानेच त्यांची झोप उडालीये. 'करत नाही म्हणजे कळलंच नाही' हे वाक्य ज्याच्या हातात वेळ आणि पैसा आहे त्याला बोलायला सोपं जातं, एवढंच मला म्हणायचंय. आणि हे वाक्य डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडावर मारतात ते मी रोज बघते.

पाऊलखुणा

आहारवेल +१. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

बिवाकाठ

जपानमध्ये शिगा प्रांतात राहतो, बिवा सरोवराजवळ. इथे सरोवराच्या पश्चिमेला ताकाशिमामध्ये नाकाए तोजूचं गाव आहे. तोजू १६०८ ते १६४८ मधला, जपानमधल्या यांगमिंग परंपरेचा पहिला मोठा माणूस. शिकोकू बेटावर ओझूच्या सरदाराकडे चांगली नोकरी होती, पण इकडे गावी आई एकटी, रजा मागितली ती मिळेना, मग १६३४ मध्ये परवानगीशिवायच नोकरी सोडून घरी आला. त्या काळात असं निघून येणं म्हणजे जिवाशी खेळ. आईची सेवा करत गावातल्या पोरांना, शेतकऱ्यांना शिकवत राहिला. गंमत म्हणजे तेव्हा तो झू शीचाच अनुयायी होता, वांगची पुस्तकं त्याला नंतर बऱ्याच वर्षांनी मिळाली. इथे त्याला अजून 'ओमीचा सत्पुरुष' म्हणतात, ओमी म्हणजे या भागाचं जुनं नाव.

म्हणजे तळटीप यांना एक गुण मिळाला असं समजा, झू शी वाचूनही माणूस कृती करतो :)

पण याच परंपरेतला दुसरा माणूस पूर्ण वेगळा. ओशिओ हेइहाचिरो, ओसाकामधला पोलीस अधिकारी, नोकरी सोडून शाळा चालवायचा. १८३० च्या दशकात भयंकर दुष्काळ पडला, लोक उपाशी मरत होते आणि ओसाकाच्या कोठारांतला तांदूळ अधिकारी एदोला, म्हणजे आताच्या टोकियोला, पाठवत होते. याने अर्ज केले, कुणी ऐकेना. मग स्वतःची सगळी पुस्तकं विकून ते पैसे गरिबांत वाटले आणि १८३७ मध्ये शिष्य आणि शेतकरी घेऊन बंड केलं. एका दिवसात चिरडलं गेलं. त्या आगीत ओसाकाचा मोठा भाग जळाला, ज्या गरिबांसाठी केलं त्यांचीच घरं गेली. पुढे लपलेल्या जागी वेढा पडल्यावर स्वतःला जाळून घेतलं. ज्ञान आणि कृती एक म्हणताना ही बाजूही बघायला पाहिजे. आतून आलेली खात्री इतकी पक्की असली की मग माणूस कुठे थांबणार?

रोखठोक

बिवाकाठ यांनी वाट करून दिली म्हणून बोलतो. जपानपर्यंत जायची गरज नाही, खुद्द वांगचंच बघा ना. हा माणूस फक्त गुहेत बसून ध्यान करणारा नव्हता, तो सेनापती होता. १५१७ पासून दक्षिण जियांगशीच्या डोंगरात बंडखोरांविरुद्ध मोहिमा. लितोऊचा म्होरक्या ची चोंगरोंग, त्याला नवीन वर्षाच्या निमित्ताने गांजोऊला माणसांसकट बोलावलं, पाहुणचार केला, कपडे दिले, जेवणावळी घातल्या, आणि मग सगळ्यांना मारून टाकलं. शेवटी १५२८ मध्ये ग्वांगशीमध्ये याओ या डोंगरी जमातीच्या वस्त्यांवर हल्ले, हजारो मेले. जन्मजात सद्सद्विवेक प्रत्येकात असतो असं शिकवणारा माणूस हा. ज्यांना मारलं त्यांच्यातही होताच की मग तो विवेक.

मला या माणसाबद्दल आदर वाटायला लागला की हे आठवतं आणि पुढे वाचवत नाही.

उंबरठा

रोखठोक, तुम्ही सांगितलेलं खरं आहे आणि हे झाकून वांगबद्दल बोलताच येत नाही. त्यात भर घालतो. मोहीम काढण्याआधी त्याने लितोऊच्या लोकांना एक जाहीर पत्र पाठवलं होतं, सोबत बैल, दारू, पैसे आणि कापड. त्यात तो म्हणतो, तुम्हाला कुणी चोर म्हटलं तर तुम्हाला राग येतो, म्हणजे हे वाईट आहे हे तुम्हालाही कळतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांना सरकारी माणसांनी छळलं असेल, बड्या जमीनदारांनी लुबाडलं असेल, त्या भरात तुम्ही या वाटेला लागलात. आणि पुढे लिहितो की आईबापाला दहा मुलगे असले आणि त्यातले दोघं बाकीच्या आठांच्या जिवावर उठले तर आईबापाला त्या दोघांना मारावं लागतं, पण ते दोघं रडत परत आले तर आईबाप जवळ घेतातच. काही टोळ्या हे वाचून खरंच शरण आल्या.

ची चोंगरोंगला मारलं त्या दिवशी वांग दुपार टळून गेली तरी जेवला नाही, चक्कर आली, ओकारी झाली, अशी नोंद त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. याने हत्या धुऊन निघते असं मी म्हणणार नाही. तो आतून फाटला होता एवढंच दिसतं.

रोखठोक

@उंबरठा, ओकारी झाली हे वाचून मला उलट जास्तच त्रास झाला. म्हणजे त्याचा विवेक सांगत होता की हे चूक आहे आणि त्याने केलं. मग तुमच्या धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न आधी त्यालाच विचारा.

तळटीप

रोखठोक, हा प्रश्न फार नेमका आहे. माझं मत असं की वांगला तेव्हा चूक वाटलं नव्हतं, त्याला अपयश वाटलं होतं, या माणसांना आपण वळवू शकलो नाही याचं. तो मिंग साम्राज्याचा अधिकारी होता आणि साम्राज्य टिकलंच पाहिजे ही गोष्ट त्याने कधी तपासायलाच घेतली नाही. माझा त्याच्या विचारावर खरा आक्षेप इथेच आहे. आतला आवाज आपल्याला वाटतो तितका आपला नसतो, त्यात आपलं घराणं, आपली नोकरी, आपला काळ बोलत असतो. तो आवाज तपासायला बाहेरचं काहीतरी लागतं, ग्रंथ लागतात, विरोधक लागतात. झू शीचा आग्रह हाच होता.

त्याच सुमाराला वांगने एका शिष्याला लिहिलेलं वाक्य प्रसिद्ध आहे, डोंगरातले चोर मोडणं सोपं, मनातले चोर मोडणं अवघड. लोक हे सुविचार म्हणून भिंतीवर लावतात, पण ते एका लष्करी मोहिमेच्या मधोमध लिहिलेलं आहे हे विसरायला नको.

सांजसकाळ

थोडं अवांतर होईल, पण लोंगचांगच्या काळातल्या दोन गोष्टी मला इथे सांगाव्याशा वाटतात कारण चर्चा नुसती विचारांवर चाललीये आणि मला या माणसाची ओळख या गोष्टींमधून झाली.

पहिली. लोंगचांगला पोचल्यावर त्याच्यासोबत आलेले नोकर सगळे आजारी पडले. हा काल-परवापर्यंत राजधानीत अधिकारी होता, घरचा श्रीमंत, स्वतःची छातीही कमजोर. त्याने स्वतः लाकडं फोडली, पाणी आणलं, पेज केली आणि नोकरांना भरवली. मग त्यांचं मन उदास होऊ नये म्हणून कविता म्हणून दाखवल्या, त्यांना त्यात काही रस वाटेना, तर आपल्या गावाकडची गाणी म्हटली, मधेमधे विनोद सांगितले, असं करत करत त्यांना आजारपण विसरायला लावलं. ती प्रसिद्ध साक्षात्काराची रात्र याच दिवसांतली.

दुसरी. १५०९ च्या पावसाळी दिवसांत राजधानीकडून आलेला एक किरकोळ कारकून, त्याचा मुलगा आणि एक नोकर असे तिघं लोंगचांगवरून पुढे नेमणुकीच्या जागी चाललेले, रात्री तिथल्याच मिआओ जमातीच्या एका घरात उतरले. वांगने कुंपणातून त्यांना पाहिलं, उत्तरेकडची खबर विचारावी असं मनात आलं पण अंधार आणि पाऊस, राहून गेलं. सकाळी माणूस पाठवला तर ते निघून गेलेले. दुपारपर्यंत कुणी सांगत आलं की उतारावर एक म्हातारा मरून पडलाय, शेजारी दोघं रडतायत. संध्याकाळी कळलं दोन मेले. दुसऱ्या दिवशी तिसराही. वांगने आपल्या दोन पोरसवदा नोकरांना टोपली आणि फावडं घ्यायला सांगितलं, पोरं कुरकुरली, तर तो म्हणाला अरे, त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? पोरांना रडू आलं, ती निघाली. डोंगराच्या कडेला तीन खड्डे खणून तिघांना पुरलं, एक कोंबडी आणि तीन वाडगे भात ठेवला. मग त्या अनोळखी माणसाला उद्देशून त्याने जो शोकलेख लिहिला तो वाचून मी खूप रडले. त्यात तो विचारतो, तुझा पगार तो किती, पाच मापं तांदूळ, बायकोमुलांबरोबर शेत नांगरलं असतंस तरी तेवढे मिळाले असते, मग त्यासाठी मुलाला आणि नोकराला घेऊन का आलास रे? आणि स्वतःबद्दल सांगतो की मी इथे इतका काळ जगलो कारण मी एक दिवसही मन कष्टी होऊ दिलं नाही, पण आज तुझ्यासाठी झालं.

नाव गाव माहीत नसलेला माणूस हा. मला तरी 'जाणणं आणि करणं एकच' याचा अर्थ त्या फावड्यात दिसला.

पाऊलखुणा

सांजसकाळ, अंगावर काटा आला. हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

डोंगरवाट

त्या लोंगचांगचं आताचं नाव शिउवेन, ग्वेयांग शहराजवळ. ती गुहा अजून आहे. झांग शुएलियांग हा सेनापती, ज्याने १९३६ मध्ये शीआनला चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग कै-शेक याला पकडून ठेवलं होतं, त्याला नंतर काही काळ याच ठिकाणी नजरकैदेत ठेवलेलं. आणि च्यांग स्वतः वांगचा कट्टर भक्त! तैपेईजवळच्या डोंगराचं नाव त्याने १९५० मध्ये बदलून यांगमिंगशान केलं. कामानिमित्त तैवानला असताना मी त्या डोंगरावर भटकलोय, गंधकाच्या वाफा येतात जमिनीतून, फार सुंदर जागा आहे. हुकूमशहालाही वांग आवडतो आणि ओशिओसारख्या बंडखोरालाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

भाकरतुकडा

सगळं वाचलं. मला तत्त्वज्ञानातलं फार कळत नाही पण माझी आजी भाकरी थापायची तेव्हा पीठ किती, पाणी किती असं विचारलं की तिला सांगता यायचं नाही, हात सांगायचा. वांगला असं काही म्हणायचंय का?

तळटीप

@भाकरतुकडा, काही प्रमाणात हो. पण हातातलं कसब चोरालाही असतं. वांगला बरं-वाईट ओळखणारं जाणणं अभिप्रेत आहे, ते त्याच्या मते कुणालाच शिकवावं लागत नाही, आजीलाही नाही आणि चोरालाही नाही.

भाकरतुकडा

अच्छा, आता उलगडलं. धन्यवाद.

उंबरठा

भाकरतुकडा, तुमच्या प्रश्नावरून यांग माओची गोष्ट आठवली. ताइहेचा हा माणूस, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, पण अक्षरओळख होती. तो वांगला भेटायला आला आणि दोघं कागदावर लिहून बोलले. वांगने लिहिलं, तुझ्या तोंडाला बरं-वाईट बोलता येत नाही, कानाला ऐकता येत नाही, तुझ्या मनाला बरं-वाईट कळतं का? त्याने लिहिलं, कळतं. मग तू इतर माणसांसारखाच आहेस, वांगने उत्तर दिलं, आणि पुढे त्याला सांगितलं की लोकांच्या तोंडातून किती भांडणं लागतात, कानावर किती नको ते पडतं, त्या कटकटीतून तू सुटलास, आता मन जे चांगलं म्हणेल तेवढं करत जा. यांग माओ छातीवर हात मारत होता, आभाळाकडे बोट दाखवत होता.

पाचशे वर्षांपूर्वी एका बड्या अधिकाऱ्याने अशा माणसासमोर बसून कागदावर पूर्ण संवाद केला हे मला फार मोठं वाटतं. यात वांगच्या विचाराचा गाभा आहे. सत्पुरुष होणं हे विद्वानांच्या मक्तेदारीतून त्याने सोडवलं. सोन्याची शुद्धता बघा, वजन नाही, असं तो म्हणायचा, कन्फ्यूशियस जास्त वजनाचा असेल, साधा माणूस एक तोळा असेल, पण शंभर नंबरी दोघंही होऊ शकतात.

मिठागर

आता वांग गेनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका! मिठागरात काम करणाऱ्या घरातला माणूस, ताइजोऊचा, शाळा फारशी नाही. १५२० मध्ये वांगला भेटायला आला तो जुन्या काळातला उंच टोप आणि लांब झगा घालून, आणि सरळ वरच्या आसनावर जाऊन बसला. वाद सुरू झाला, हरत गेला तसा खाली सरकला, शिष्य झाला. रात्री विचार केला तर शंका आली, सकाळी येऊन म्हणाला मी घाई केली, पुन्हा वरच्या आसनावर! पुन्हा वाद, मग मात्र कायमचा शिष्य. वांग म्हणाला, राजपुत्राला पकडलं तेव्हाही माझं मन हललं नव्हतं, या माणसाने हलवलं.

हाच वांग गेन एकदा बाहेरून आला आणि म्हणाला रस्ताभर सत्पुरुषच सत्पुरुष दिसले. वांगचं उत्तर: तुला ते सत्पुरुष दिसले, त्यांना तू दिसलास. पुढे त्याच्या परंपरेत एक लाकूडतोड्या होता, एक कुंभार होता, हान झेन त्याचं नाव, हे लोक शेतकऱ्यांना जमवून शिकवायचे. यातूनच पुढे ली झी हा विचारवंत आला, ज्याला १६०२ मध्ये पाखंडी म्हणून तुरुंगात टाकलं आणि तिथे त्याने जीव दिला. मिंग साम्राज्य १६४४ ला कोसळल्यावर गू यानवूसारख्या विद्वानांनी खापर फोडलं ते याच लोकांवर, की यांच्या पोकळ बडबडीने देश बुडाला. मला वाटतं लाकूडतोडे आणि कुंभार धर्मावर बोलायला लागले हेच त्यांना झेपलं नाही.

तळटीप

मिठागर, गू यानवूवर इतका सरसकट आरोप नको. त्याने डोळ्यासमोर देश जाताना पाहिला, त्याच्या आईने मांचूंच्या, म्हणजे मिंगनंतर चीन जिंकणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांच्या, राज्यात जगायला नको म्हणून अन्न सोडून प्राण दिला. त्याचा राग समजून घ्यायला हवा. बाकी वांग गेनबद्दल पूर्ण सहमत.

रोखठोक

राजपुत्राला पकडलं म्हणजे काय प्रकरण?

डोंगरवाट

१५१९. निंगचा राजपुत्र झू चेनहाओ, नानचांगला त्याने बंड केलं. वांगकडे तयार फौज नव्हती. त्याने खोटी पत्रं पसरवली की मोठी सरकारी सेना येतेय, राजपुत्र त्या भीतीने दहा-बारा दिवस जागचा हललाच नाही, तेवढ्यात याने माणसं गोळा केली, नानचांग घेतलं आणि पोयांग सरोवरावर त्याच्या एकमेकांना बांधलेल्या नावांना आग लावली. साधारण सहा आठवड्यांत बंड संपलं. मग खरी डोकेदुखी. झेंगद बादशहाला स्वतः लढाई करायची हौस, तो सैन्य घेऊन निघालेला, आणि त्याच्या खुशमस्कऱ्यांनी सुचवलं की कैद्याला सरोवरात पुन्हा सोडा म्हणजे महाराजांना पकडता येईल. वांगने राजपुत्राला एका विश्वासू खोजाच्या ताब्यात दिलं आणि विषय मिटवला. बक्षीस काय तर उलट त्याच्यावरच फितुरीचा संशय. 'सद्सद्विवेक जागा ठेवा' ही शिकवण त्याने ठामपणे मांडली ती या सगळ्या छळानंतर, १५२१ च्या सुमाराला.

आहारवेल

मी सगळं वाचत होते. माझ्या आक्षेपाला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून परत विचारते, माझ्या रात्रपाळीवाल्या काकांचं काय?

तळटीप

आहारवेल, गंमत अशी की तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम साक्ष वांगच देतो. जियांगशीत मोहिमा संपल्यावर त्याने काय केलं बघा. शाळा काढल्या, गावकरार लिहिला, म्हणजे गावाने महिन्यातून एकदा एकत्र जमायचं, कुणी चांगलं केलं कुणी चुकलं याची वहीत नोंद करायची, आणि चुकलेल्याला सगळ्यांसमोर फाडून न बोलता आधी खाजगीत समजवायचं. भांडणं, कर्ज, जमिनीचे वाद याची कलमं आहेत त्यात, सावकाराने अडलेल्याला पिळू नये असंही आहे. ज्याला खरंच वाटत असतं की आतला विवेक एकटा पुरेसा आहे त्याने हे कशाला केलं असतं? त्याला ठाऊक होतं की लोकांना वाईट वाटेला लावणारी परिस्थिती असते, उंबरठा यांनी सांगितलेल्या त्या पत्रातही हेच आहे.

त्यामुळे शू आयला दिलेलं उत्तर मी असं वाचतो की ते शिष्याला दिलंय, ज्याने स्वतःहून ही वाट धरली त्याला. तिऱ्हाइताला मोजायची ती फूटपट्टी नाही.

उंबरठा

तळटीप, इथे मी तुमच्यापेक्षा थोडा पुढे जाईन. ते फक्त शिष्यांपुरतं ठेवलं तर त्याची धार जाते. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रात्री दोनला काय ठेवायचं हे ठरवणारा कुणीतरी मॅनेजर आहे, आणि कामगारांच्या साखरेबद्दलची माहितीपत्रकं त्याच्याच टेबलावर आहेत. त्याला माहीत आहे असं आपण म्हणायचं का? वांगचा प्रश्न मी तिथे विचारेन. काकांना नाही.

आहारवेल

हे मात्र पटलं. मॅनेजरला विचारा, आणि मलाही विचारा, कारण आहाराचा तक्ता हातात देऊन मी मोकळी होते आणि त्यात रात्रपाळीचा रकानाच नसतो. 'कळलंच नाही' हे तरीही मी पेशंटला म्हणणार नाही.

रोखठोक

आणि साम्राज्याच्या अधिकाऱ्यालाही विचारा. मी त्या मुद्द्यावरून हटलेलो नाही.

सुगरण_नाही

सावकाश वाचणार म्हटलं होतं, एका बैठकीत संपवला धागा. कुठून सुरुवात करू वाचायला?

तळटीप

त्याच्या संवादांच्या नोंदींचा पहिला भाग घ्या, शू आयचे प्रश्न त्यातच आहेत, इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. त्याबरोबर सांजसकाळ यांनी सांगितलेला शोकलेख. शेवटच्या काळातलं 'चार वाक्यांचं' प्रकरण, १५२७ मध्ये पुलावर दोन शिष्यांत झालेला वाद, ते आत्ताच घेऊ नका, त्यावर चिनी विद्वान अजून भांडतायत.

मिठागर

चार वाक्यांवर वेगळा धागा काढतो. मनाचं मूळ चांगलंही नाही आणि वाईटही नाही असं पहिलं वाक्य आहे, तळटीप आणि रोखठोक दोघांनी तिकडे यायचं हां.

रोखठोक

येतो. तोवर ते डाकूंना लिहिलेलं पत्र पूर्ण वाचून घेतो.